अलंकाराचा अधिकार

साधी वस्तू सजविण्याचा अधिकार कोणास आणि केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. जो तो आपल्या हौसेप्रमाणे सजवितो आणि पाहणारा आपल्या आवडीप्रमाणे मान डोलावितो. मग येथे अधिकाराची भाषा कशाला, असे कोणीही विचारील. परंतु किंचित खोलात शिरले म्हणजे असे दिसते की, बोलण्यातील अलंकार असो, वस्त्रावरील असो वा स्वरावरील असो, त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या वस्तूस आपण सजवितो ती वस्तू आपली असते काय? सजविताना आपण तिची सेवा करतो, की तिच्या आडून स्वतःस मिरवितो? आणि ही दोन्ही कृत्ये बाहेरून सारखीच दिसत असतील, तर त्यांतील भेद ओळखावयाचा कसा?

या बाबतीत दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एक मत म्हणते, मूळ वस्तू तेवढी खरी. अलंकार ही वरची भर, ती जितकी कमी तितके बरे. दुसरे मत म्हणते, अलंकाराविना वस्तूस रंगत नाही. सजावट हाच तिचा प्राण. पहिल्या मताचा मनुष्य विरक्त दिसतो, दुसऱ्या मताचा रसिक दिसतो. आमच्या समजुतीप्रमाणे हे दोघेही एकाच गृहीतावर उभे आहेत. मूळ वस्तू वेगळी आणि अलंकार वेगळा, हे ते गृहीत होय. ते कितपत टिकते हेच प्रथम तपासले पाहिजे.

त्यासाठी आम्ही एक फार लहान आणि फार दूरचे उदाहरण घेणार आहोत. ते आयर्लंड देशाच्या पारंपरिक संगीतातील आहे. आणि तेथेही एखाद्या भारदस्त वाद्याचे नसून, पत्र्याच्या साध्या पाव्याचे आहे. लहान उदाहरण मुद्दाम निवडले आहे. मोठ्या वाद्यात अनेक गुणदोष एकमेकांच्या आड लपतात. सहा छिद्रांच्या नळीत लपावयास जागाच नसते.

इंग्रजीत ज्यास टिन व्हिसल म्हणतात तो हा पावा आपल्याकडील अलगुजाच्या जातीचा आहे. आडव्या बासरीप्रमाणे तो धरीत नाहीत. तोंडासमोर उभा धरतात, आणि वरच्या टोकाशी बसविलेल्या चोचीतून फुंकर घातली की स्वर निघतो. ओठांची विशेष साधना त्यास लागत नाही. इंग्लंडातील सफोक परगण्यात रॉबर्ट क्लार्क याने १८४३ साली पत्र्याचे असे पावे तयार करण्यास आरंभ केला आणि पुढे त्याने आपला उद्योग मँचेस्टरकडे नेला. किंमत अल्प असल्यामुळे हे वाद्य गोरगरिबांच्या मुलांच्या हाती पोहोचले व त्यास पेनी व्हिसल असेही नाव पडले. आयर्लंडात तर त्याने असे घर केले की, आज तेथील पुष्कळ मुलांची आपल्या देशाच्या संगीताशी पहिली ओळख याच पाव्यावर होते.

सर्वसामान्य पावा डी या स्वरावर बांधलेला असतो. सहाही छिद्रे झाकली म्हणजे डी. मग खालून एकेक बोट उचलीत गेले की क्रमाने ई, एफ शार्प, जी, ए, बी आणि सर्व छिद्रे उघडी टाकली की सी शार्प. फुंकर जोराची केली की हेच स्वर वरच्या सप्तकात मिळतात. एवढे ज्ञान एका दिवसात होते. यावर ज्या धुनी वाजवितात त्या बहुतांशी नृत्याच्या असतात. जिग या प्रकारात तीन-तीन स्वरांचे गट पडतात, रील या प्रकारात चार-चारांचे. बहुतेक धुनींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग बार नावाच्या आठ लहान खंडांचा असतो व सामान्यतः तो दोनदा वाजवितात. सबंध धून याप्रमाणे दोन-तीन वेळा फिरवून झाली की, न थांबता दुसरी धून धरतात. म्हणजे एकच वाक्य ऐकणाऱ्याच्या कानावर चार-सहा वेळा पडते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता अलंकारांकडे वळू. त्यांतील पहिला आणि सर्वांचा पाया म्हणजे कट. समजा, आपण जी हा स्वर धरला आहे. वरची तीन छिद्रे झाकलेली आहेत. आता तिसरे बोट निमिषमात्र उचलून लगेच खाली ठेवले, तर वरच्या स्वराचा एक निसटता स्पर्श होतो आणि पुन्हा जी सुरू होतो. हा झाला कट. याच्या उलट टॅप. जी वाजत असता चौथ्या छिद्रावर बोट नुसते आपटून उचलावयाचे. खालच्या बाजूने तसाच स्पर्श होतो. या दोहोंच्या योगाने रोल सिद्ध होतो. जी, मग कट देऊन जी, मग टॅप देऊन जी, असे एका लांब जीचे तीन भाग पडतात. आणि सर्वांत खालचा डी आला की पंचाईत होते. तेथे सहाही छिद्रे झाकलेली. टॅप देण्यास खाली छिद्रच उरलेले नाही. म्हणून तेथे वरची निरनिराळी बोटे एकामागून एक उचलून दोन-तीन कट देतात. त्यास क्रॅन म्हणतात.

येथे एक गोष्ट नवशिक्यास प्रथम पटत नाही. कट देताना जो वरचा स्वर निघतो तो स्वर म्हणून ऐकू येता कामा नये. तो ए होता की बी होता हे ऐकणाऱ्यास कळले, तर कट संथ झाला असे समजावे. तो टिचकी वाजल्यासारखा भासला पाहिजे. म्हणजे हा असा अलंकार आहे की, तो उठून दिसला की फसला.

मग तो असतो तरी कशासाठी? याचे उत्तर शोधण्यास आयर्लंडातील दुसऱ्या एका वाद्याकडे पाहावे लागते. इलन पाइप्स हे पिशवीचे वाद्य असून त्यातील हवा कोपराखालच्या भात्याने भरतात; २०१७ साली युनेस्कोने या वाद्याच्या वादनास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या वाद्यात तोंडाने फुंकणे नाही, त्यामुळे जिभेचा उपयोगही नाही. पाव्यावर एकापाठोपाठ दोन जी वाजवावयाचे असतील तर जीभ लावून ते वेगळे करता येतात. पाइप्सवर नळीचे तोंड मांडीवर दाबून स्वर तोडता येतो हे खरे. तथापि वाहत्या स्वरात दोन सारखे स्वर वेगळे ऐकवावयाचे तर ते काम बोटांनाच करावे लागते. एक बोट क्षणभर उचलले की पहिला जी संपला आणि दुसरा सुरू झाला हे कानास कळते. पाइप्सच्या वादकांचे हे बोटांचे कसब बासरीवर व पाव्यावर उतरले, आणि जीभ लावण्याची सोय असूनही पाव्याच्या वादकांनी ते आपलेसे केले.

यावरून जे निष्पन्न होते ते महत्त्वाचे आहे. ज्यास आपण अलंकार म्हणतो तो मुळात शोभेसाठी जन्मास आलेलाच नाही. दोन स्वरांच्या मधली सीमा दाखविणे, ताल कोठे पडतो ते सांगणे, हे त्याचे काम होते व आहे. ग्रे लार्सन या अमेरिकन वादकाने आयरिश बासरी व पावा यांवर २००३ साली एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने असे प्रतिपादन केले आहे की, कट आणि टॅप यांस लहान स्वर समजू नये. स्वराचा उच्चार करण्याच्या त्या रीती आहेत. आम्हांस हे मत फार मार्मिक वाटते, आणि मराठी वाचकांस ते समजावून देणे सोपेही आहे. आपल्या वर्णमालेत स्वर आणि व्यंजन असे दोन भेद आहेत. व्यंजन एकटे उभे राहू शकत नाही. स्वराचा आधार मिळाला तरच त्याचा उच्चार होतो. परंतु म्हणून व्यंजन ही स्वरावरची सजावट आहे, असे कोणी म्हणत नाही. निव्वळ अ, आ, इ, ई यांनी बोलणे होत नाही. कट आणि टॅप ही या संगीताची व्यंजने होत.

आता वर सांगितलेल्या दोन्ही मतांचे काय होते ते पाहा. अलंकार ही वरची भर, ती टाळावी, असे म्हणणारा विरक्त मनुष्य व्यंजने गाळून बोलावयास सांगत आहे. आणि अलंकार जितके अधिक तितकी रंगत अधिक, असे म्हणणारा रसिक मनुष्य प्रत्येक अक्षरास जोडाक्षर करावयास सांगत आहे. दोघांनाही भाषा कळलेली नाही.

तथापि येथे एक शंका उत्पन्न होते आणि ती बाजूस सारून चालणार नाही. कट हे जर धुनीचे व्यंजन असेल, तर ते आरंभापासूनच शिकविले पाहिजे. प्रत्यक्षात या परंपरेतील पुष्कळ शिक्षक नेमके उलट सांगतात: प्रथम धून साधी वाजवा, ताल पक्का करा, मग अलंकारास हात घाला. ही विसंगती नव्हे काय?

आमच्या मते ती विसंगती नाही. रोलचेच उदाहरण घेऊ. जिगमध्ये रोल तीन स्वरांचा काळ घेतो. त्यातील पहिला जी पूर्ण लांबीचा राहिला पाहिजे. मग कट आपल्या जागी, मग टॅप आपल्या जागी. नवशिक्यास कट-टॅपची एवढी उत्सुकता असते की, तो पहिला जी आखूड करतो, दोन्ही टिचक्या घाईने उरकतो आणि मग उरलेला काळ काय करावे हे न सुचून लोंबकळत राहतो. बोटांची हालचाल शिकवणीप्रमाणे बिनचूक झालेली असते. मात्र ताल मोडलेला असतो. ज्याच्या अंगात तीन समान स्वरांची चाल मुरलेली नाही, त्याच्या कटला कसली सीमा दाखवावयाची हेच ठाऊक नसते. चाकरी करावयाची तर धनी घरात असावा लागतो. कट-टॅप हे चाकर आहेत. त्यांचा धनी ताल होय. प्रथम धनी, मग चाकर, एवढाच त्या शिक्षकांच्या सांगण्याचा अर्थ आहे.

आम्ही स्वतः काही महिने या पाव्यावर हात चालविला आहे, आणि त्यावरून एवढे निश्चित सांगता येते की, कट शिकण्यास कष्ट पडतात ते बोटांस कमी व मनास अधिक. बोट उचलणे हे काही अवघड काम नाही. अवघड आहे ते हे की, जी गोष्ट एवढ्या सायासाने हस्तगत केली ती कोणाच्या लक्षातही येऊ नये, हे मान्य करणे. मनुष्यास वाटते, मी श्रम केले आहेत. त्यांचे प्रदर्शन झाले पाहिजे. आणि येथेच बोटांचा प्रश्न संपून नीतीचा प्रश्न सुरू होतो. रोल लावावयाचा तो धुनीस हवा आहे म्हणून, की मला येतो म्हणून? बाहेरून पाहणारा हा भेद सांगू शकणार नाही. वाजविणाऱ्यास मात्र तो त्या क्षणी कळलेला असतो.

कोणी म्हणेल, मग अलंकार थोडे असावेत हेच शेवटी खरे ठरले. तसेही नाही. क्लेअर परगण्यातील डूलिन या समुद्रकाठच्या गावी मिको रसेल (१९१५–१९९४) नावाचा शेतकरी वादक होऊन गेला. त्याचे पाव्याचे वादन अत्यंत साधे होते. अलंकार मोजके, जीभ आणि श्वास यांच्या योगाने तालास उठाव. तरीही त्याची धून ऐकणाऱ्यास अपुरी वाटत नसे, आणि दूरदूरची मंडळी त्याच्याकडे येत. दुसरीकडे डब्लिनच्या परिसरात जन्मलेल्या मेरी बर्गिन यांचे वादन. १९७९ साली त्यांची 'फॅडोगा स्टॉन' ही ध्वनिमुद्रिका निघाली. आयरिश भाषेत त्या शब्दांचा अर्थ केवळ 'पत्र्याचे पावे' एवढाच. त्यांच्या वादनात रोल आहेत, कट आहेत, भरपूर आहेत, आणि वेगही आहे. परंतु त्या गर्दीतही नर्तकाचे पाऊल कोठे पडावयाचे हे क्षणभरही अस्पष्ट होत नाही. एकाने थोडे घेतले, दुसरीने पुष्कळ घेतले. धनी दोघांचा एकच. तेव्हा प्रश्न संख्येचा नाही.

याहून कठीण प्रश्न अनुकरणाचा आहे. हे संगीत मूलतः ऐकून शिकण्याचे आहे. मुखपरंपरेने शिकणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. शिकागो शहराचा पोलीसप्रमुख असलेला फ्रान्सिस ओनील (१८४८–१९३६) हा मूळचा कॉर्क परगण्यातला. त्याने १९०३ साली १८५० धुनींचा प्रचंड संग्रह छापून काढला. पण त्यास स्वतःस स्वरलेखन येत नव्हते. कानाने धरलेल्या धुनी तो वाजवून दाखवी आणि जेम्स ओनील नावाचा त्याच्याच खात्यातील सहकारी त्या कागदावर उतरवी. अशा संग्रहांत मुख्यतः धुनीचा सांगाडा सापडतो. कट कोठे द्यावा, रोल कोठे घ्यावा, हे बहुतांशी वाजविणाऱ्यावर सोपविलेले असते. पुढील काळच्या काही पुस्तकांत रोलसाठी स्वराच्या डोक्यावर लहान कमानीसारखी खूण छापू लागले. तरी ती खूण नाव सांगते, चाल सांगत नाही. म्हणून शिकणाऱ्याने कोणाचे तरी ऐकून, त्याच्यासारखे करून पाहणे, यावाचून गत्यंतर नाही.

परंतु अनुकरणाची दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. स्लायगो परगण्याचा मायकेल कोलमन (१८९१–१९४५) हा फिडलवादक १९१४ साली अमेरिकेस गेला. १९२० च्या दशकापासून न्यूयॉर्क येथे त्याच्या तबकड्या निघू लागल्या आणि त्या समुद्र ओलांडून आयर्लंडातील खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्याचे वादन इतके तेजस्वी होते की, ठिकठिकाणचे वादक त्याच्या धुनी, त्यांचे पाठ, त्यांतील अलंकारदेखील जसेच्या तसे उचलू लागले. एका बाजूने पाहता हा एका थोर कलावंताचा गौरव होता, आणि परदेशी गेलेल्या माणसाने आपल्या देशास आपल्याच संगीताचा अभिमान परत दिला, हेही खरे. दुसऱ्या बाजूने, ज्या परगण्यांची स्वतःची वेगळी रीत होती तेथे ती मागे पडू लागली. हे कोलमनचे काम नव्हते. त्याने आपल्या गावची रीत प्रामाणिकपणे वाजविली. ऐकणाऱ्यांनी तीच एकमेव रीत मानली.

आज ध्वनिमुद्रण हवे तितके संथ करून ऐकता येते. कोणत्या स्वरावर कोणत्या बोटाने कट दिला, हेही त्यातून उकलता येते. कोलमनच्या काळी जे अर्धवट साधत असे ते आज संपूर्ण साधू शकते. म्हणून हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे: दुसऱ्याचे अलंकार जसेच्या तसे वाजविणे हे शिक्षण, की उसनवारी?

आमचे उत्तर असे की, बोटांची हालचाल आणि ती कोठे करावयाची याचा निर्णय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हालचाल दुसऱ्याकडून खुशाल घ्यावी. ती कोणाच्याही मालकीची नाही, आणि घेतल्यावाचून येतही नाही. निर्णयही काही काळ दुसऱ्याचा वापरून पाहावा, कारण थोर वादकाने अमुक जागी कट का दिला हे तो देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. परंतु तो निर्णय कायमचा आपला म्हणून ठेवून घेणे, हे आमच्या मते योग्य नव्हे. मुलाने वडिलांची सही गिरवून अक्षर सुधारावे. मात्र तीच सही स्वतःच्या नावापुढे करू नये.

आता वाचकांनी ध्यानात ठेविलेली गोष्ट आठवावी. धुनीचे एकच वाक्य चार-सहा वेळा येते. या परंपरेतील चांगला वादक ते प्रत्येक वेळी एकसारखे सजवीत नाही. पहिल्या वेळी जेथे रोल घेतला तेथे दुसऱ्या वेळी तो लांब स्वर तसाच सोडील, किंवा त्याच्या जागी तीन वेगळे स्वर ठेवील. पाठ केलेले अलंकार नेमक्या याच ठिकाणी उघडे पडतात. कारण त्यांना दुसऱ्या वेळी काय करावे हे ठाऊक नसते. धून तीच, मात्र क्षण नवा. आणि त्या नव्या क्षणी काय हवे आहे हे ज्याने त्याने तेव्हाच ठरवावे लागते. जबाबदारी ही गोष्ट उसनी मिळत नाही, ती अशी.

या संगीताची मंडळी एकत्र जमून वाजवितात तेव्हा याचे आणखी एक अंग दिसते. कोणाच्या हाती फिडल, कोणाच्या हाती बासरी, कोणाच्या हाती कन्सर्टिना, कोणाच्या हाती पावा; सर्वजण एकच धून एकाच वेळी वाजवितात. प्रत्येकाचे कट-रोल ज्याचे त्याचे असतात आणि ते जुळत नाहीत; त्यांनी जुळावे अशी अपेक्षाही नसते. ताल तेवढा सर्वांचा एक असावा लागतो. आणि ज्यास धून येत नाही त्याने गप्प बसून ऐकावे, हा तेथील शिष्टाचार आहे. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाचा नियम यांविषयी मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांतील सार आम्हांस या लहानशा रीतीत पुष्कळसे सापडले. आपला अलंकार आपला असावा, परंतु त्याने शेजाऱ्याचा ताल चुकवू नये.

नृत्याच्या धुनी सोडून संथ धुनी घेतल्या तरी हाच न्याय दिसतो. शॅन-नोस, म्हणजे 'जुनी रीत', या नावाने आयरिश भाषेतील गाण्याची एक परंपरा आहे. गाणारा साथीवाचून एकटा गातो, आणि कडव्यागणिक स्वरांची नक्षी बदलते. अशा गीतांच्या चाली पाव्यावर वाजवितात तेव्हा ताल बांधलेला नसतो. मग येथे धनी कोण? जाणकार सांगतात की, वाजविणाऱ्याने गीताचे शब्द जाणून घ्यावेत. श्वास कोठे घ्यावा, कोणत्या स्वरावर रेंगाळावे, हे शब्दच सांगतात. म्हणजे जेथे पाऊल नाही तेथे शब्द आहे. पण काही तरी आपल्याहून वडील असे समोर आहेच. ते नसेल तर नक्षी कितीही नाजूक असो, ती कशावर काढली आहे हेच कळत नाही.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस मनापासून मान्य आहे. कोणी म्हणेल, पत्र्याचा स्वस्त पावा तो काय, आणि त्यावर एवढे नीतिशास्त्र! एखादे मूल आनंदाने वेडेवाकडे रोल वाजवीत असेल तर वाजवू द्यावे. अवश्य वाजवू द्यावे. घरातील आनंदावर कोणी न्यायाधीश बसविलेला नाही, आणि ज्याने कधी अतिरेक केला नाही त्यास प्रमाण सापडतही नसावे. आम्ही जो प्रश्न मांडला तो, मनुष्य दुसऱ्यापुढे वाजवू लागतो किंवा दुसऱ्यास शिकवू लागतो तेव्हा उभा राहतो. कारण तेव्हापासून ती धून त्याच्याकडे ठेव म्हणून असते.

दुसरी सूचनाही येथेच दिली पाहिजे. साधेपणालाही मिरविता येते. मला रोल येतात, तरी मी लावीत नाही, पाहा माझा संयम, असे म्हणून वाजविलेली साधी धून ही शंभर रोलांनी भरलेल्या धुनीइतकीच स्वतःकडे बोट दाखविणारी असते. मिको रसेलचा साधेपणा असा नव्हता, म्हणूनच तो गोड वाटे. तेव्हा त्याग हीदेखील कसोटी नव्हे.

मग कसोटी कोणती? आम्हांस सुचते ती अशी. धून प्रथम एकाही अलंकारावाचून वाजवावी, आणि ऐकणाऱ्याचे पाऊल हलते की नाही ते पाहावे. हलत नसेल तर अलंकारांनी ते हलणार नाही. तालाकडे परत जावे. हलत असेल तर एका जागी एक कट द्यावा आणि पुन्हा पाहावे. पाऊल अधिक निःशंकपणे पडू लागले तर तो कट धुनीस हवा होता. पाऊल थबकले आणि मान आपल्याकडे वळली, तर तो आपणांस हवा होता. ज्या जागी अलंकार न लावताही आपण स्वस्थचित्ताने पुढे जाऊ शकतो, त्या जागी तो लावण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला असे समजावे. अधिकार याचा अर्थ परवानगी असा नव्हे. न करण्याचे सामर्थ्य असूनही, हवे म्हणून करणे, असा आहे.

आमच्यासारख्या तरुणांस वडीलधारी मंडळी पुष्कळदा सांगतात की, आधी साधे बोलावयास शिका, मग शब्दांचे खेळ करा. हे ऐकताना त्यांस आमची हौस खुपते की काय, असे कधी कधी वाटते. आयर्लंडातील या पाव्याच्या शिक्षणाकडे पाहिल्यावर त्या उपदेशाचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. हौस सोडावयाची नाही. तिला धनी मिळवून द्यावयाचा आहे. तो मिळाला की मग अलंकार थोडे असोत वा पुष्कळ असोत, ते धुनीचेच होऊन जातात.